डांबरावर लांबचा पल्ला : धक्का सोसणारा नाल कसा निवडायचा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने आला. कुणी विचारतं, "रबरी नाल चांगला का?" कुणी विचारतं, "नालाखाली पॅड टाकू का?" एकाने लिहिलंय, "माझा मारवाडी घोडा आहे, आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस किलोमीटर जातो, निम्मा रस्ता डांबरी. लोखंडी नालाने पाय खराब होतात म्हणतात, खरं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे मातीचे रस्ते झपाट्याने कमी होतायत. पाणंदसुद्धा काँक्रीटची झाली. घोड्याला फिरवायचं म्हटलं की डांबर आलंच.

तर आज नाल. पण आधीच सांगतो, कुठल्या कंपनीचा घ्या हे मी सांगणार नाही. धक्का म्हणजे नक्की काय, तो कुठे मुरतो आणि नाल त्यात किती मदत करू शकतो, हे कळलं की निवड तुमची तुम्हाला करता येते.

आधी थोडा हिशोब

घोडा दुडक्या चालीने निघाला की एका पूर्ण पावलात, म्हणजे तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत, साधारण अडीच मीटर जातो. लहान चणीचा असेल तर थोडं कमी. आता 80 किलोमीटरची सफर धरा. प्रत्येक पाय जवळजवळ 32 हजार वेळा जमिनीवर आपटतो. 20 किलोमीटरच्या फेरीतसुद्धा आठ हजार वेळा. उभ्या घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून कडक रस्त्याचा पहिला मार पुढच्या खुरांना बसतो.

हा मार दोन प्रकारचा असतो, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला असतो टेकण्याचा धक्का. खूर जमिनीला लागतो त्या क्षणी, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात, एक कंप पायातून वर जातो. डांबरावर लोखंडी नालाचा जो खणखणीत 'टक्' आवाज येतो ना, तो याचाच.

दुसरा असतो भार. टेकल्यानंतर घोड्याचं आणि स्वाराचं वजन त्या पायावर येतं, सांधा खाली दबतो, स्नायूंच्या दोऱ्या ताणल्या जातात. हा भार सावकाश चढतो आणि उतरतो, पण ताकद त्याचीच मोठी.

मऊ नाल, रबर, पॅड हे सगळं मुख्यतः पहिल्या मारावर काम करतं. दुसऱ्यावर त्यांचा परिणाम फार थोडा. दुसरा मार कमी करायचा असेल तर वेग कमी करावा लागतो, स्वाराला नीट बसावं लागतो तोल सांभाळून, आणि घोड्याचं पोट आटोक्यात ठेवावं लागतं. ते काम कुठलाही नाल करत नाही.

खूर स्वतः काय करतो

निसर्गाने घोड्याला धक्का सोसायची व्यवस्था दिलेली आहे. खूर उचलून खालून बघा. मधोमध व्ही आकाराचा, रबरासारखा लवचीक भाग दिसेल. त्याला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात. त्याच्या वर, आतमध्ये, तंतू आणि चरबीची एक गादी असते. दोन्ही बाजूंना कूर्चा. वजन पडलं की टाचेकडचा भाग किंचित फाकतो आणि वजन उचललं की परत मिटतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट बाउकर यांनी या भागाचा बराच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की, टाचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून रक्त ढकललं जातं तेव्हा ते गाडीच्या शॉकअॅब्झॉर्बरमधल्या तेलासारखं काम करतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. 1999 साली इक्विन व्हेटरनरी जर्नलमध्ये एक डच अभ्यास आला. घोड्याच्या पुढच्या पायावर, खुरापासून वरपर्यंत, कंप मोजले होते. हा प्रयोग जिवंत घोड्यावर नव्हता, प्रयोगशाळेत वेगळ्या ठेवलेल्या पायांवर होता, हे लक्षात ठेवा. त्यात दिसलं की एकूण कंपाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खुराचं कवच आणि आतलं हाड यांच्या मधल्या थरातच मुरतो. नाल ठोकल्यावर खुराच्या कवचावरचा कंप 15 टक्क्यांच्या आसपास वाढला. पण वरच्या मोठ्या सांध्यापाशी पोहोचेपर्यंत नाल असलेल्या आणि नसलेल्या पायात फरक जवळजवळ उरला नाही.

याचा अर्थ काय घ्यायचा? लोखंडी नाल म्हणजे सांध्यांची वाट लागलीच, असं नाही. निरोगी खूर बराचसा मार स्वतःच गिळतो. पण जो थर तो गिळतो, त्याच थराला नाल जास्त काम देतो, आणि तेही आठ हजार वेळा, बत्तीस हजार वेळा. म्हणजे काळजी करायची जागा खुराच्या आतच आहे. ज्या खुराचा तळवा पातळ, टाच चिरडलेली, फ्रॉग सुकून बारीक झालेला, त्याच्याकडे ही व्यवस्थाच अपुरी. त्याला मऊ नालाचा उपयोग जास्त. धडधाकट खुराला कमी.

घसरणं वाईटच असतं का?

लोकांना हे पटकन पटत नाही. खूर टेकतो तेव्हा तो थोडासा, अगदी थोडासा, पुढे सरकतो. हे सरकणं म्हणजे ब्रेक हळू लावण्यासारखं आहे. त्यात धक्क्याची बरीच ताकद खर्ची पडते. आता नालाला एवढी पकड दिली की खूर टेकल्या जागी थिजला, तर तीच ताकद पायात जाते. वळणावर तर पाय पिळला जातो.

म्हणून कोरड्या डांबरावर रबर किंवा पॉलियुरेथेनचा नाल एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. कंप कमी करतो, पण पकड वाढवतो. उलट गुळगुळीत झालेला लोखंडी नाल ओल्या डांबरावर किंवा उतारावर इतका सरकतो की घोडा पडायची भीती. दोन्ही टोकं वाईट. आपल्याला मधली जागा हवी, आणि ती रस्त्याप्रमाणे बदलते.

माथेरानचं उदाहरण घ्या. तिथे गाड्यांना बंदी, त्यामुळे माणसं आणि सामान घोड्यांवर. पूर्वी लाल मातीचा रस्ता होता. मग मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आले, आणि त्यावर घोडे घसरतात अशी अश्वपालांची तक्रार सुरू झाली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आता अशा चढउताराच्या, पावसात शेवाळ धरणाऱ्या रस्त्यावर कुणी मला विचारलं की गादीचा नाल घालू का, तर मी म्हणेन, आधी पकड बघा. टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेला एखादा खिळा टाचेकडे, हे तिथे जास्त उपयोगाचं. पण तोच खिळा घेऊन सपाट हायवेवर तीस किलोमीटर दुडकी मारली, तर पायाची शिक्षा होईल.

बाजारात काय काय मिळतं

आता एकेक बघू.

साधा लोखंडी नाल. स्वस्त, टिकाऊ, आणि आपल्याकडचा कुठलाही नालबंद तो ठोकू शकतो. मध्यम घोड्याचा एक नाल तीनशे-चारशे ग्रॅमचा असतो. याचे दोष म्हणजे कडकपणा आणि वजन. पायाच्या टोकाला लावलेलं वजन घोड्याला पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी महाग पडतं, कारण ते प्रत्येक पावलाला झुलवायचं असतं.

अॅल्युमिनियमचा नाल. वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. लांबच्या पल्ल्यात थकवा कमी येतो. पण डांबरावर लवकर झिजतो. म्हणून काही नालांमध्ये टोकाला पोलादाची पट्टी बसवलेली असते. 'हलका' म्हणजे 'मऊ' असं मात्र समजू नका. धक्का शोषण्यासाठी अॅल्युमिनियम घेतलं, असं होत नाही.

नाल आणि खूर यांच्यामध्ये पॅड. यात दोन जाती. एक कडेकडेने, फक्त नालाच्या आकाराचा. दुसरा पूर्ण तळवा झाकणारा. कडेचा पॅड धक्का थोडा कमी करतो आणि तळवा उघडा राहतो. पूर्ण पॅडने खडी टोचत नाही, पण आत माती, लीद, ओल अडकते. पावसाळ्यात फ्रॉग कुजायला लागतो, खूर उचलला की वास येतो. पॅड टाकायचाच असेल तर आतली पोकळी सिलिकॉनसारख्या पदार्थाने भरून घ्या. आणि पॅड जितका मऊ तितके खिळे लवकर सैल. कारण सरळ आहे : प्रत्येक पावलाला पॅड दबतो, नाल हलतो, खिळा हलतो, खिळ्याचं भोक मोठं होतं. चामड्याच्या पॅडचंही तेच. जुन्या टायरचे तुकडे कापून नालाखाली घालतात, तिथे हा त्रास सर्वांत जास्त, कारण तुकड्याची जाडी कधी सारखी नसते आणि खूर वाकडा टेकतो.

रबर किंवा पॉलियुरेथेनचा नाल. बहुतेकांच्या आत पोलादाचा गाभा असतो, नाहीतर नाल फाकतो. काही खिळ्यांनी बसतात, काही चिकटवतात. 2006 साली नेदरलँड्समध्ये दुडक्या चालीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात अशा कृत्रिम नालांनी टेकण्याचा धक्का कमी केल्याचं दिसलं. म्हणजे दावा पोकळ नाही. तोटे दोन : वर सांगितलेली पकड, आणि आकार. लोखंड ऐरणीवर ठोकून खुराच्या आकाराचं करता येतं. प्लास्टिक तसं वळत नाही. कानशीने घासून जेवढं जमेल तेवढंच.

खुराचे बूट. हे काढता-घालता येतात. डांबर आलं की घाला, माती आली की काढा. काही जण सफरीपुरते चिकटवूनही घेतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टेविस कप नावाची 100 मैलांची सफर 1955 पासून होते, 24 तासांत डोंगर पार करायचा. 2012 साली ती जिंकलेला गॅरेट फोर्ड यांचा घोडा चिकटवलेल्या बुटांवर धावला होता. फोर्ड यांची स्वतःची बुटांची कंपनी आहे, हेही सांगायला हवं. पण दगडधोंड्यांच्या 100 मैलांवर बूट टिकतात, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. बुटाचा मुख्य दोष म्हणजे माप. पाच मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी टाचेला घासून जखम होते.

आणि शेवटचा पर्याय, काहीच नाही. अनवाणी. निरोगी खूर हळूहळू कडक रस्त्याला तयार होतो, पण झिजेचा वेग वाढीपेक्षा जास्त झाला की संपलं. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. रोज डांबरावर पंधरा किलोमीटर जाणाऱ्या घोड्याचा हिशोब सहसा जुळत नाही.

नालापेक्षा नालबंद मोठा

हे वाक्य मी मुद्दाम ठासून सांगतो. मराठेशाहीत शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदी म्हणत. घोडदळ उभं करायचा खर्चच नालाच्या नावाने ओळखला जायचा. ज्यांचं राज्य घोड्यावर चाललं त्यांनी हा शब्द उगाच निवडला नसेल.

आपल्याकडे आज बऱ्याच ठिकाणी काय होतं? नालबंद तयार नाल घेऊन येतो, थंडाच ठोकतो, आणि नालाबाहेर आलेला खूर कानशीने घासून टाकतो. म्हणजे पाय बुटाच्या मापाचा केला. नाल खुराप्रमाणे वळवायला हवा, खूर नालाप्रमाणे कापायचा नाही. खूर असा घासला की कवच पातळ होतं, खिळा आतल्या जिवंत भागाजवळ जातो. आणि नाल आखूड असेल तर टाचेला आधारच राहत नाही. अशा पायाला तुम्ही हजारोंचा परदेशी रबरी नाल लावा, उपयोग शून्य.

नाल बसवून घेताना चार गोष्टी स्वतः बघा. एक, नालाची मागची टोकं टाचेच्या शेवटापर्यंत पोहोचतायत का. दोन, टाचेकडच्या रुंद भागात खिळा नाही ना. तिथे खूर फाकायला मोकळा हवा. तीन, नालाचं पुढचं टोक थोडं गोलावलेलं आहे का. पाऊल उचलताना खूर त्या टोकावरून वळतो. टोक लांब असेल तर वळायला उशीर होतो आणि मागच्या दोऱ्यांवर ताण येतो. चार, घोडा सपाट जागी चालवून बघा, दोन्ही बाजू एकदम टेकतात का.

आणि पाच-सहा आठवड्यांनी नाल काढायचाच. झिजला नसला तरी. "अजून चांगला आहे की!" असं म्हणत दोन महिने ठेवलेला नाल हे पाय बिघडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. नाल झिजत नाही, पण खूर वाढतो, टोक लांब होतं, टाच पुढे सरकते.

मग मी काय घेऊ?

आठवड्याला दोन-तीन फेऱ्या, बहुतेक चालत, मध्येमध्ये दुडकी, निम्मं डांबर, खूर चांगला. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांचा घोडा याच गटात दिसतो. नीट बसवलेला, टोक गोलावलेला साधा लोखंडी नाल पुरे. पैसे वाचले ते चांगल्या नालबंदाला द्या. डांबरावर चाला, मातीवर दुडकी मारा. मारवाडी, काठियावाडी घोड्याला रवाल चाल येत असेल तर ती वापरा. चांगल्या रवालीत एक ना एक पाय जमिनीवर असतो, दुडकीसारखी उसळी नसते.

चाळीस-साठ किलोमीटरच्या सफरी, त्यात डांबराचे लांब पट्टे. इथे कडेचा पॅड किंवा पॉलियुरेथेनचा नाल याचा विचार करा. पण सफरीच्या आदल्या दिवशी नाही. किमान एक पूर्ण फेरा, म्हणजे पाच आठवडे, त्यावर सराव हवा. घोड्याला नव्या पकडीची सवय व्हावी लागते.

ऐंशीच्या वर, स्पर्धेसाठी. वजनाला किंमत येते. हलका नाल, किंवा चिकटवलेले बूट. स्पर्धेत पशुवैद्य दर टप्प्याला घोडा पळवून बघतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोडे बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण लंगडणं हेच आहे. तिथे नवा प्रयोग करायचा नसतो.

पातळ तळवा, सपाट पाय, किंवा आधी लंगडलेला घोडा. इथे नाल निवडायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्या, तळव्याची जाडी बघा, मग नालबंद आणि डॉक्टर यांना एकत्र उभं करून ठरवा.

भीमथडी घोडा ठेवणाऱ्यांनाही एक सांगणं. या जातीला अलीकडे अधिकृत नोंदणी मिळाली, आनंदच आहे. चणीने लहान आणि काटक म्हणून त्यांचं नाव आहे. अशा घोड्याचा खूर मुळात चांगला असेल तर मोठ्या घोड्यांचा जड, जाडजूड नाल त्याला चढवू नका.

घोडा सांगत नाही, पाय सांगतो

घोडा दुखणं लपवतो. कळपातलं जनावर आहे ते, लंगडं दिसणं त्याला परवडत नाही. म्हणून सफरीनंतर रोज दोन मिनिटांचं काम करा. चारही खुरांवर हात ठेवा, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम आहे का. खुराच्या वर, मागच्या बाजूला, कडेला बोट दाबून नाडी बघा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. जोरात ठोकत असेल तर आत सूज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग गरम व्हायच्या आत, कडक सपाट जागेवर सरळ रेषेत पळवून बघा आणि कान द्या. चारही पायांचा आवाज सारखा हवा. एक पाय हळू टेकत असेल, तर तो पाय काहीतरी सांगतोय.

यातलं काहीही दिसलं तर पुढची सफर रद्द. नाल बदलून बघू, पॅड टाकून बघू, असं करायचं नाही. गादी घातली की घोडा काही दिवस बरा चालतो, आणि आतलं दुखणं वाढत जातं. धक्का सोसणाऱ्या नालाचा हाच मोठा धोका आहे : तो पायाला आराम देतो आणि मालकाला चुकीचा धीर.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी रस्ता आणि वेग, मग खूर, मग नालबंद, आणि सगळ्यात शेवटी नाल. वरचं तिन्ही ठीक असेल तर साधा नालही पुरतो. वरचं तिन्ही बिघडलं असेल तर महागडा नालही पुरत नाही.

पुढच्या भागात पावसाळ्यात खूर कुजण्यावर बोलू. त्याबद्दलचे प्रश्न आणि शक्य असल्यास खुराचे फोटो, तळव्याकडून आणि बाजूने असे दोन्ही, पाठवा. फोटो काढण्याआधी खूर स्वच्छ धुवा, म्हणजे काहीतरी दिसेल. भेटू.